चढावर जोर लावला की 'कट्ट' आवाज येतो, दुकानदार म्हणतो बीबी गेला. नक्की कसं ओळखायचं?

उपवनची_चढण

नमस्कार मंडळी. माझी हायब्रिड सायकल आहे, पुढे तीन मागे आठ गिअर, पार्ट शिमानोचे साधेच. ठाण्यात राहते, रोज वसंत विहार ते माजिवडा ऑफिसला जाते आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी उपवनवरून येऊरचा चढ. पावसाळा संपला तेव्हापासून चढावर जोर लावला की उजव्या बाजूने खालून कट्ट... कट्ट... असा आवाज येतो. सपाट रस्त्याला जवळपास नाहीच. शिवाय एक बारीक टिकटिक पण आहे, ती कधी असते कधी नसते.

एका दुकानात दाखवली तर तिथल्या मुलाने स्टँडवर लावून एकदा पेडल फिरवलं आणि म्हणाला बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही पेडलचे दांडे फ्रेमला जिथे बसतात तिथलं बेअरिंग) गेला, चेन आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) पण बदलून टाका. पैसे खर्च करायला ना नाही, पण ज्याच्यासाठी करायचे तेच दुखणं आहे का हे तरी कळायला हवं ना. तेल घालून झालं, फरक नाही. कुणी नीट सांगेल का कुठून सुरुवात करू?

खारीगाव_टू_खारघर

बीबीच असणार ताई. चढावर खालून आवाज म्हणजे बीबी. कार्ट्रिजवाला (सीलबंद, अख्खा बदलायचा) असेल तर फार महाग पण नाही, बदलून मोकळ्या व्हा.

पामबीच_पहाटे

तेल कुठलं घातलंत? आणि घालायच्या आधी चेन पुसली होती का? तुमच्याकडे घोडबंदरच्या बाजूला मेट्रोच्या कामाची सिमेंटची धूळ आहे, तिच्यावरच तेल ओतलं तर त्याची लापशी होते आणि ती आतल्या पिना घासत बसते.

आटे_आणि_छर्रे

ताई, थांबा, काही बदलू नका अजून. स्टँडवर रिकामं पेडल फिरवून असा आवाज कळतच नाही कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय की तो जोर लावल्यावरच येतो, मग बिनजोराची सायकल बघून बीबी गेला हे ठरवलं कशावरून?

पहिली गोष्ट म्हणजे आवाज कुठून येतोय याच्यावर कानाने विश्वास ठेवू नका. फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. बिल्डिंगच्या पाइपवर पहिल्या मजल्यावर ठोकलं तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं तसं होतं, सीटपोस्टचा आवाज खालून आल्यासारखा वाटतो आणि मागच्या चाकाचा पेडलमधून. मी कित्येक सायकली बघितल्यात ज्यांचा चांगला बीबी काढून फेकला गेला आणि आवाज तसाच राहिला. म्हणून आधी ताल मोजायचा. आवाज कुठल्या गोष्टीच्या फेऱ्याबरोबर येतो ते बघायचं.

क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्याला बसतं त्या दांड्याच्या, एका फेऱ्याला एकदा, आणि तोही प्रत्येक वेळी पाय त्याच जागी असताना, असा येत असेल तर पेडल, क्रँक, बीबी किंवा पुढच्या चकत्या, एवढ्यातलंच काहीतरी. चेनचा एखादा दुवा आखडलाय असं असेल तर ताल वेगळा, कारण तुमच्या चेनमध्ये साधारण ११० दुवे असतील आणि मधल्या चकतीला ३८ दात, म्हणजे चेनचा एक पूर्ण फेरा व्हायला क्रँक जवळजवळ तीन वेळा फिरते, मग आवाज दर तीन पेडलांनी एकदा येणार. मागच्या डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो भाग) छोट्या पुल्या ११ दातांच्या असतात, त्या क्रँकच्या एका फेऱ्यात तीन-साडेतीन वेळा फिरतात, त्यांचा आवाज भराभर चिवचिव असा. आणि चाकाचा असेल तर तो वेगाबरोबर वाढतो, पेडल थांबवलं तरी चालूच राहतो.

एक काळजी घ्या. पुढे २८ मागे २८ अशा गिअरवर असाल तर क्रँक आणि चाक दोन्ही एकाच तालात फिरतात, तेव्हा काहीच कळणार नाही. येऊरच्या चढाला लोक नेमके तिथेच असतात. मध्ये ३८ आणि मागे १८ टाकून बघा, तिथे क्रँकच्या एका फेऱ्यात चाक दोनपेक्षा थोडं जास्त फिरतं, लगेच फरक कळतो.

एवढं करून सांगा: (क) पेडल थांबवल्यावर आवाज थांबतो का (ख) सीटवरून उठून उभं राहिल्यावर राहतो का (ग) क्रँक कुठे असताना येतो.

उपवनची_चढण

काका एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. आज सकाळी करून बघितलं.

पेडल थांबवलं की दोन्ही आवाज बंद. उभी राहिले तरी कट्ट राहतो, उलट जास्तच येतो. आणि प्रत्येक फेऱ्याला एकदाच, उजवा पाय पुढे आडवा येऊन खाली जायला लागतो तिथेच. डाव्या पायाला नाही. टिकटिकचं मात्र वेगळं आहे, ती मागच्या छोट्या दोन-तीन चकत्यांवरच येते, जोर लावा न लावा.

@पामबीच_पहाटे, तेल शिवणयंत्राचं घातलं होतं, घरात तेच होतं. चेन पुसली नव्हती.

पामबीच_पहाटे

शिवणयंत्राचं तेल फार पातळ, दोन राइडमध्ये उडून जातं. काही लोक खोबरेल घालतात, इंजिन ऑइल घालतात, ते तर अजून वाईट, घट्ट असतं आणि रस्त्यावरची सगळी माती धरून ठेवतं. आणि तो निळा-पिवळा स्प्रे पण तेल म्हणून मारू नका कुणी, तो मुळात पाणी हटवायला आणि गंज सोडवायला आहे, चेनमधलं असलेलं तेल पण धुऊन काढतो.

सायकलच्या चेनचं तेल वेगळं मिळतं, पावसाळ्यात वेट आणि बाकी आठ महिने ड्राय. दुव्याच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब, चेन उलटी फिरवत, मग दहा मिनिटं थांबून फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. तेल आत पिनेला हवं, बाहेरच्या पट्ट्यांना नाही. आम्ही नवी मुंबईत पाम बीच रोडला खाडीच्या वाऱ्यात चालवतो, एक आठवडा हयगय केली तर चेनवर तांबूस ठिपके दिसायला लागतात.

आटे_आणि_छर्रे

ताई, तुमच्या उत्तराने अर्ध्याहून जास्त काम झालं. पेडल थांबल्यावर बंद म्हणजे चाक, ब्रेक, हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) छर्रे हे बाजूला ठेवू. उभं राहूनही येतो म्हणजे सीट, सीटपोस्ट नाही. फेऱ्याला एकदाच म्हणजे चेनचा दुवा नाही. राहिलं उजवं पेडल, उजवी क्रँक, चकत्या आणि बीबी.

आणि तुमचे दोन वेगळे आजार आहेत, टिकटिक आणि कट्ट एकमेकांशी संबंधित नाहीत असं मला वाटतं. लोक दोन्ही एकत्र धरतात आणि सगळी ड्राइव्हट्रेन, म्हणजे चेन, चकत्या, क्रँक सगळंच, बदलून बसतात. आधी कट्ट संपवू.

आता ही तपासणी घरीच करा, राइडची गरज नाही. सायकल भिंतीला टेकवून उजवीकडे उभ्या राहा, दोन्ही ब्रेक दाबून धरा, घरच्या कुणालातरी धरायला सांगा. उजवी क्रँक पुढच्या बाजूला आडवी करा. आता उजव्या पेडलवर पायाने वजन द्या, सोडा, द्या, सोडा. कट्ट आला पाहिजे. आला की तेच वजन पेडलवर न देता क्रँकच्या दांड्याच्या टोकावर द्या, म्हणजे पेडल जिथे स्क्रू होतं त्याच्या अलीकडे, तळहाताने जोरात दाबलं तरी चालेल. तरीही आवाज आला तर क्रँक किंवा बीबी. नाही आला तर पेडल.

दुसरं, चेन पुढच्या चकतीवरून उतरवून आत बीबीच्या बाजूला ठेवा म्हणजे क्रँक एकटी फिरेल. हाताने हळू फिरवा, बोटांना खरखर लागते का बघा, आणि दोन्ही क्रँक धरून आडव्या हलवा. बीबी खरंच गेला असेल तर खडखड प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागतो नाहीतर वाळू भरल्यासारखी खरखर लागते.

क्रँकचा मधला बोल्टही बघा, तुमच्या सायकलला बहुतेक चौकोनी एक्सल असणार आणि ८चा ॲलन (षटकोनी चावी) लागेल. ढिला असेल तर त्या सायकलवर एक किलोमीटर पण जाऊ नका, स्टीलच्या एक्सलवर ॲल्युमिनियमच्या क्रँकचं चौकोनी भोक गोल होऊन जातं आणि मग कितीही आवळा, राहत नाही.

खारीगाव_टू_खारघर

काका चकत्यांचे बोल्ट राहिले की. चार किंवा पाच बोल्ट असतात ५च्या ॲलनचे, ते कोरडे पडले की अगदी असाच आवाज करतात.

आटे_आणि_छर्रे

बरोबर, पण या रेंजच्या तीन चकतीवाल्या बऱ्याच क्रँकना बोल्ट नसतात, रिव्हेट मारलेले असतात. ताई बघून सांगा. रिव्हेट असतील तर आवळायचा प्रश्न नाही.

नेरूळ_सेक्टर_कुठलाही

धागा जरा वळवतो, माफ करा, पण विषय तोच आहे म्हणून इथेच विचारतो. वडिलांची काळी जुनी सायकल आहे, गिअर नाहीत, चेनकव्हर पूर्ण बंद. तीही फेऱ्याला एकदा टक् करते आणि पायाला पण झटका जाणवतो, शिवाय चेन कव्हरला घासते. वडील ७० च्या पुढे आहेत, अजून रोज सकाळी दूध आणायला त्याच सायकलने जातात, दुसरी घेऊन देतो म्हटलं तर ऐकत नाहीत. काय बघू?

आटे_आणि_छर्रे

वडिलांना नमस्कार सांगा. टक् आणि पायाला झटका म्हणजे कॉटर. जुन्या सायकलला क्रँक एक्सलवर बसवायला एका बाजूने सपाट तासलेली पिन असते, तीच कॉटर. ती झिजली की क्रँक एक्सलवर थोडी सरकते आणि मग दर फेऱ्याला टक्. हे हलक्यात घेऊ नका, वय जास्त आहे आणि जोर लावताना क्रँक सुटली तर पडायला होईल. पिन अगदी स्वस्त असते, जुन्या सायकलची कामं करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीकडे मिळेल. तो नवीन पिनेची सपाट बाजू कानशीने घासून बसवतो, ठोकून बसवायची आणि मग नट आवळायचा. नुसता नट आवळून पिन आत ओढायची नाही, आटे जातात. आणि ठोकताना क्रँकच्या खाली लोखंडी नळी किंवा लाकडी ठोकळ्याचा आधार हवाच, नाहीतर तो सगळा मार आतल्या छर्ऱ्यांवर जातो.

चेन ढिली आहे म्हणून कव्हरला घासते. मागचे दोन नट सैल करून चाक मागे ओढायचं, मधोमध चेन वर-खाली अर्धा इंच हलली पाहिजे, त्याहून घट्ट नको. क्रँक फिरवत तीन-चार जागी बघा कारण चेनव्हील कधीच अगदी गोल नसतं, जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे तो अर्धा इंच ठेवायचा.

उपवनची_चढण

काका!! सापडलं!!

नवऱ्याला सायकल धरायला लावली. पेडलवर वजन दिलं की कट्ट, स्पष्ट. क्रँकच्या टोकावर दाबलं, अगदी पूर्ण वजन टाकून, काहीच नाही. परत पेडल, कट्ट. परत क्रँक, शांत. चेन उतरवून क्रँक फिरवली तर लोण्यासारखी फिरते, खरखर नाही, प्ले नाही. मधला बोल्ट पण घट्ट आहे. चकत्यांना रिव्हेटच आहेत, हलत नाहीत.

म्हणजे बीबी चांगला आहे ना? आता पेडल बदलायचं का?

आटे_आणि_छर्रे

बीबी चांगला आहे, त्याला हात लावू नका. पेडल पण लगेच बदलू नका, आधी काढून बघा. १५ नंबरचा पाना लागतो पण पातळ हवा, गॅरेजमधला जाड पाना पेडल आणि क्रँकच्या फटीत कधीकधी शिरत नाही. काही पेडलना मागून ६चा ॲलन चालतो.

उजव्या पेडलचे आटे सरळ आणि डाव्याचे उलटे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि ऐनवेळी सगळे गोंधळतात, म्हणून असं करा: पाना उभा लावा, टोक वर आकाशाकडे, आणि ते टोक मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना हाच नियम, सुटतं. आवळताना पुढच्या चाकाकडे. आणि काढायच्या आधी चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर चढवून ठेवा, पाना एकदम सुटला की हात थेट त्या दातांवर जातो, चेन वर असेल तर दात झाकलेले राहतात.

काढल्यावर आट्यांवर काय दिसतं ते लिहा.

उपवनची_चढण

काढलं. फार घट्ट होतं, पान्यावर नळी घालून जोर लावावा लागला. आटे पूर्ण कोरडे, ग्रीसचा पत्ता नाही, आणि मुळाशी जिथे पेडल क्रँकला टेकतं तिथे तपकिरी पावडर चिकटलेली. क्रँकच्या भोकात पण करडी पूड होती, कापडाने पुसली तर कापड काळं झालं. डावं पण काढलं, त्याला थोडं ग्रीस दिसलं.

आटे_आणि_छर्रे

हाच तो. कारखान्यात किंवा दुकानात जोडणी करताना उजव्या पेडलला ग्रीस लावलं गेलं नसणार, त्यात पावसाचं पाणी आट्यांतून आत शिरलं. कोरड्या धातूवर धातू जोराखाली केसभर सरकला की तो कट्ट. स्टँडवर जोर नसतो म्हणून दुकानात आवाज आलाच नाही.

जुन्या टूथब्रशला थोडं रॉकेल लावून दोन्हीकडचे आटे घासा, फडक्याने कोरडे करा. ग्रीस साधं कुठलंही चालेल, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं मल्टिपर्पज, आट्यांवर सगळीकडून पातळ थर आणि पेडल जिथे क्रँकला टेकतं त्या कडेवर पण. आधी पूर्ण हाताने फिरवत बसवा, तीन-चार आटे बोटांनी सहज गेले पाहिजेत, अडलं तर लगेच मागे घ्या, ॲल्युमिनियममध्ये आटे क्रॉस झाले तर क्रँकच टाकावी लागते. मग पाना. टॉर्क पाना असेल तर ३५ न्यूटनमीटरच्या पुढे, नसेल तर हातभर पान्याला एका हाताने चांगला घट्ट. पाय देऊन नाही.

उपवनची_चढण

आज येऊरचा पूर्ण चढ चढून आले. कट्ट नाही. मुद्दाम उभी राहून जोर लावला, मोठ्या गिअरवर लावला, नाहीच. आजूबाजूचे पक्षी ऐकू येत होते आज. काका कसे आभार मानू कळत नाही.

राहिली टिकटिक.

खारीगाव_टू_खारघर

मस्त! मी बीबी म्हणत होतो पण क्रँकच्या टोकावर दाबायची तपासणी मला माहीतच नव्हती, लिहून ठेवली.

पामबीच_पहाटे

टिकटिक छोट्या चकत्यांवरच येते ना, मग आधी पुढच्या डिरेलरची पट्टी बघा, चेन तिला घासत असेल. पुढे लहान मागे लहान असं तिरकं चालवत असाल तर मधल्या चकतीला घासते, तो बिघाड नाही, तो गिअरच वापरायचा नसतो. ते नसेल तर मागच्या डिरेलरच्या केबलचा ॲडजस्टर अर्धा-अर्धा फेरा फिरवून बघा. बाहेर उलगडला की केबल ताणली जाते.

उपवनची_चढण

पुढे मधल्या चकतीवर असतानाच येते. ॲडजस्टर फिरवला तर छोट्या चकत्यांवर टिकटिक जाते पण मग मोठ्या चकत्यांवर गिअर नीट पडत नाही. मोठ्यांचं बसवलं की परत छोट्यांवर टिकटिक. H आणि L लिहिलेल्या स्क्रूंना हात लावला नाहीये, भीती वाटते.

आटे_आणि_छर्रे

हात लावू नका, ते फक्त दोन टोकांच्या मर्यादा ठरवतात, मधल्या गिअरच्या आवाजाशी त्यांचा संबंध नाही. L चुकला तर चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे स्पोकमध्ये जाते.

एका टोकाला बसवलं की दुसऱ्या टोकाला बिघडतं म्हणजे हँगर वाकलाय. मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्याने फ्रेमला लटकतो तो. सायकल उजव्या बाजूला पडली होती का, किंवा पार्किंगमध्ये कुणी दुसरी गाडी टेकवली? मागून खाली बसून बघा. चेन ज्या चकतीवर आहे ती आणि खालच्या दोन्ही पुल्या एका उभ्या रेषेत हव्यात. खालची पुली आत स्पोककडे झुकलेली दिसली तर तेच.

उपवनची_चढण

झुकलेली आहे. फोटो काढून उभी रेष मारून बघितली, खालची पुली स्पष्ट आत आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा पडलेली मिळाली होती, तेव्हा फक्त ग्रिप बघितली.

पामबीच_पहाटे

हँगर सरळ करायचं टूल आमच्या ग्रुपकडे आहे, चाकाच्या रिमवरून चारी बाजूंनी अंतर मोजून वाकवतात. हाताने डिरेलर धरून ओढू नका कुणी. ॲल्युमिनियमचा हँगर एकदा-दोनदा सरळ होतो, त्यानंतर तुटतो, म्हणून तुमच्या मॉडेलचा एक जादा हँगर घेऊन ठेवा. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असतो, त्यामुळे जुना सोबत नेऊन जुळवूनच घ्या. रविवारी आम्ही काही जण ठाण्यात येतोय, उपवन तलावापाशी सात वाजता टूल घेऊन येतो.

नेरूळ_सेक्टर_कुठलाही

कॉटर बदलली. मिस्त्रीने जुनी काढून दाखवली, सपाट बाजूला चक्क खाच पडली होती. नवीन पिन कानशीने घासून बसवली, चेन पण तुम्ही सांगितल्यासारखी ओढून घेतली. वडील संध्याकाळी सोसायटीत चार फेऱ्या मारून आले, आता परत सायकलला काही बोलायचं नाही म्हणाले. आटे-छर्रे काका, मनापासून आभार.

उपवनची_चढण

हँगर सरळ झाला, टूल लावल्यावर कळलं खालच्या बाजूला किती आत होता. आता आठही गिअर एकाच सेटिंगवर पडतात, टिकटिक गेली. पाम बीचवाल्या मंडळींनी दहा मिनिटांत केलं आणि चहाचे पैसे पण देऊ दिले नाहीत.

शेवटचा प्रश्न, चेन-कॅसेट बदला म्हणाला होता दुकानात, त्याचं काय करू?

आटे_आणि_छर्रे

मोजा आणि ठरवा. इंचांची स्टीलची पट्टी घ्या, चेन ताणलेली असताना एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पिनेचा मध्य येतो. ती पिन अर्धा सूत, म्हणजे १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन झिजायला लागली आहे, आठ गिअरला अजून थोडी चालेल पण नवी आणून ठेवा. पूर्ण एक सूत पुढे गेली असेल तर उशीर झाला, कॅसेटचे दात पण त्याच मापाने झिजलेले असतात, मग नवी चेन जुन्या दातांवरून घसरते आणि दोन्ही बदलावं लागतं.

उपवनची_चढण

मोजलं. अर्ध्या सुतापेक्षा कमीच आहे. चेन रॉकेलने धुऊन, साबणाच्या पाण्याने, मग उन्हात वाळवून ड्राय तेल घातलंय.

आटे_आणि_छर्रे

मग आत्ता चेन-कॅसेट बदलायला नको. पुढच्या पावसाळ्याआधी दोन्ही पेडल काढून ग्रीस बदला, आणि दुचाकी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरने सायकल धुऊ नका, बीबी आणि हबमध्ये पाणी शिरतं.